घरी कोण कोण असतं

गोटीराम आबांना पेपर वाचायचा तर बोट ठेवून एकेक अक्षर लावावं लागायचं, पण जर्मन भाषेत वीसपर्यंत मोजायला सांगितलं तर ते न अडखळता मोजायचे. मखमलाबादच्या पुढे पाटाच्या कडेला त्यांचा मळा होता आणि त्यात दर साली दसऱ्याच्या बेतानं झेंडू लावलेला असायचा. फुलांच्या पाट्या गोणीत रिकाम्या करताना आबा "आइन्स, त्स्वाय, द्राय" असं मोजायचे. शेजारच्या बांधावरून त्यांचा चुलतभाऊ पुंजा विचारायचा, आज विंग्रजी कुठवर आली. विंग्रजी नव्हं, जर्मन, असं आबा त्याला दर वेळी सांगायचे. पुंजाला ते कधीच पाठ झालं होतं, तरी तो विचारायचा.

ही विद्या आबांना सुनेकडून आली होती. प्रतिभा बारावी होऊन या घरात आली. तिचा नवरा ज्ञानेश सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. त्या कारखान्यात जर्मनीहून एक मशिन आलं, त्याच्याबरोबर जाडजूड पुस्तक आलं, आणि ते पुस्तक कुणालाच वाचता येईना. शेवटी मुंबईहून एक बाई आणली. साहेब लोक तिच्या मागं पाण्याचा ग्लास घेऊन फिरत होते, असं ज्ञानेशनं घरी येऊन हसत सांगितलं. बाकीचे हसले. आबा मात्र दुसऱ्या दिवशी सुनेला विचारायला आले की असलं काही घरी बसून शिकता येतं का.

येत होतं. एक विद्यापीठ पोस्टानं शिकवत होतं. पुस्तकं आणि कॅसेटी पार्सलनं यायच्या, स्वाध्याय लिहून पोस्टानं पाठवायचे, आणि महिन्यातल्या एका रविवारी शहरातल्या एका कॉलेजात वर्ग भरायचा. कोर्सचं नाव चांगलं लांबलचक होतं. नुसती भाषा नाही, तर ती कामाला कशी लावायची ते त्यात होतं: परदेशी कंपनीला पत्र कसं लिहायचं, मशिनची माहिती मराठीत कशी उतरवायची, फोनवर कसं बोलायचं. आबा आपले त्याला नुसतं 'कोर्स' म्हणायचे आणि पावणेरावळे आले की हटकून विषय तिकडे वळवायचे.

सखुबाईला हे थेर वाटायचं. सासू म्हणून ती वाईट नव्हती, पण तिच्या जन्मात तिनं रिकामं बसलेलं माणूस पाहिलं नव्हतं आणि वाचणारं माणूस तिला रिकामंच दिसायचं. सून भाकरी थापताना ओठ हलवते, निंदताना पुटपुटते, यावरून ती बोलायची. मजुरीला येणाऱ्या बायाही प्रतिभाला मेमसाब म्हणायच्या. शहरातल्या वर्गात उलटा प्रकार होता. तिथली कॉलेजरोडची पोरं तिला काही म्हणत नसत, फक्त तिच्या बोटांकडे बघत. झेंडू खुडून खुडून बोटांच्या पेरांत हिरवट काळं बसतं आणि ते साबणानं जात नाही. प्रतिभा वही लिहिताना मूठ आवळून लिहायला शिकली होती.

आबांना मात्र भारी कौतुक. घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून ते तो बांधावर ठेवायचे आणि फुलं खुडताना कॅसेट लावायचे. कॅसेटमधली बाई एक प्रश्न विचारायची आणि मग उत्तरासाठी थोडी जागा सोडायची. त्या मोकळ्या जागेत प्रतिभानं बोलायचं. ती बोलली नाही तर आबा वाफ्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, "अगं, ती वाट बघून राह्यली."

पुढं कॅसेटमधल्या बाईचे प्रश्न संपले. मग आबांनी हट्ट धरला की मी इचारतो. प्रतिभानं त्यांना चार-पाच प्रश्न शिकवले आणि ते घोकून घोकून पक्के केल्यावर दोघांनी मिळून एका कोऱ्या कॅसेटवर ते भरले. प्रत्येक प्रश्नापुढं आबांनी मनातल्या मनात उत्तर होईल इतकी जागा सोडली होती. "वी हायसन झी?" म्हणजे तुमचं नाव काय. "वेर वोन्ट बाय ईनन?" म्हणजे तुमच्या घरी कोण कोण असतं. म्हणताना आबा पाटावर भांडण लागल्यासारखा आवाज चढवायचे, आणि मधूनच टेपमध्ये त्यांचा खोकलाही आला होता. आपण बाजारात गेल्यावर सुनेचा खाडा नको म्हणून ही कॅसेट, असं ते सांगत. खरं तर त्यांना आपला आवाज ऐकायला आवडायचा.

त्या साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ज्ञानेशचा कारखाना बंद पडला. मालकानं गेटला कुलूप लावलं, लोकांनी बाहेर मांडव टाकला, आणि पावसाळा लागल्यावर मांडवही गेला. ज्ञानेश घरी आला, पण लेथवर उभं राहिलेल्या माणसाची कंबर वाफ्यात वाकत नव्हती. भाद्रपदात पावसाची झड लागली आणि खालच्या वाफ्यातला झेंडू बुडापासून सडला. वरचा तेवढा राहिला. घरातलं वर्षाचं दाणापाणी आता त्या वरच्या तुकड्यावर होतं, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण रोज सकाळी चौघंही आधी तिकडं बघायचे.

दुसरी आशा प्रतिभाची होती. ज्ञानेशचा जुना सुपरवायझर आता सातपूरच्याच दुसऱ्या एका कारखान्यात होता. तिथं जर्मनीशी पत्रव्यवहार होता आणि तो सांभाळायला माणूस हवं होतं. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो, पण हातात पास झाल्याचा कागद पाहिजे, असं तो म्हणाला. लेखी परीक्षा प्रतिभानं उन्हाळ्यातच काढली होती. राहिली होती ती तोंडी. ती वर्षातून एकदाच व्हायची, पुण्याहून बाई यायची आणि नेमकी यंदा ती दसऱ्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी येणार होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाल्याच्या घरातलं माणूस पेपराला जातं, हे वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. सखुबाईनं भांडी आदळली. आबा म्हणाले की मी दोघांचं खुडीन. आणि त्यांनी तसं केलंही. आदले दोन्ही दिवस ते उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत वाफ्यात वाकलेले होते. शनिवारी संध्याकाळी त्यांचा डावा हात भरून आला. सखुबाईनं तेल गरम करून चोळलं. ऊस तोडल्यासारखं झालंय, एवढंच ते म्हणाले आणि सुनेला कॅसेट लावायला सांगून स्वतःच्याच प्रश्नांना मान डोलवत बसले.

रविवारी तांबडं फुटायच्या बेताला गोण्या शिवून झाल्या होत्या. प्रतिभानं चहा आणला. आबा गोण्यांना टेकून बसले होते. त्यांनी कप घेतला, तो मातीवर नीट ठेवला, आणि छातीला हात लावून म्हणाले, "जरा थांबा."

तिघंही थांबले. आबा गोणीवरून हळूहळू कलंडले. ज्ञानेशनं त्यांना धरलं, सखुबाईनं पदरानं वारा घातला, प्रतिभानं पाणी तोंडाला लावलं तर ते हनुवटीवरून खाली गळ्यात गेलं. ज्ञानेश हाका मारायला लागला तशी सखुबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग तिनं वाकून नवऱ्याच्या नाकाशी आपला गाल नेला. बराच वेळ ती तशीच राहिली.

"गेला," ती म्हणाली. "आत घ्या. कुनी बघायच्या आत घ्या."

त्यांनी आबांना मागच्या खोलीत नेलं. ज्ञानेश रडत होता, पण आईचा हात अजून तोंडावर असल्यासारखा आवाज न करता. पुंजाकाकाला बोलावतो, म्हणून तो उठला. सखुबाई त्याची वाट अडवून दारात उभी राहिली.

मग ती फार हळू आवाजात, भराभर बोलली. सुतक लागलं की सुतकाच्या घरचं फूल देवाला चालत नाही. आपलं एकट्याचं नाही, पुंजाचं, पुतण्या चंदरचं, साऱ्या भाऊबंदांचं. साऱ्यांच्या गोण्या भरून पडल्यात, कुणी हात लावायचा नाही. उद्या दसरा, आणि परवा हीच फुलं उकिरड्यावर टाकायला माणूस लावावं लागेल. अजून कुणाला ठाऊक नाही. जोवर ठाऊक नाही तोवर सुतक नाही. गाडी जाऊ द्या, माल खपू द्या, दुपारी मी आरडीन. झोपेत गेला म्हणून सांगीन.

"आन् हिची परीक्षा राहू दे," ज्ञानेश म्हणाला.

"जाईल ती," सखुबाई म्हणाली. "आठ दिस झाले तो साऱ्या वाडीला सांगून राह्यला, सुनेची परीक्षा हाय, सुनेची परीक्षा हाय. आज नाय गेली तर इचारतील ना का नाय गेली."

प्रतिभानं सासूकडे पाहिलं. तीन वर्षं या बाईनं तिच्या कॅसेटींना शिव्या घातल्या होत्या आणि आज ती तिला परीक्षेला ढकलत होती. मला जमणार नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण सखुबाईनं तिचं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती.

सखुबाईनं नवऱ्याचे पाय सरळ केले, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटवले. जबडा उघडा पडत होता. तो बांधला तर दुपारी बांधलेला दिसेल, म्हणून तिनं हनुवटीखाली घडी घालून टॉवेल लावला आणि वर गळ्यापर्यंत वाकळ ओढली. मग ती पुढच्या खोलीत आली. तिथं नवरात्राचा घट बसलेला होता, धान्य हाताएवढं उगवून पिवळं पडलं होतं, दिवा मिणमिणत होता. नऊ दिवस ती भगर आणि शेंगदाण्यांवर होती. दिव्यात तेल घालायला तिनं बुधली उचलली आणि तिचा हात थांबला. घरात मढं असताना घटाला शिवायचं नसतं; पण वाडीची बाईमाणसं दर्शनाला येतील, दिवा विझलेला दिसला तर शंभर प्रश्न. तिनं डोळे मिटून तेल ओतलं. त्या क्षणी तिचा चेहरा असा झाला की प्रतिभाला तिच्याकडे बघवलं नाही.

पाटाच्या रस्त्यानं टेम्पोचा आवाज आला. टेम्पो चंदरचा होता. चंदर आबांच्या मोठ्या भावाचा मुलगा. त्याचं लहानपण आबांच्या खांद्यावर गेलेलं. दसऱ्याचा माल नेताना पुढच्या सीटवर आबा बसायचे, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता.

सखुबाईनं इकडे तिकडे पाहिलं आणि प्रतिभाला म्हणाली, "टेप लाव."

प्रतिभाला कळेना. सखुबाई म्हणाली, रोज सकाळी वाजतो. आज गप का, म्हणून इचारतील. प्रतिभानं खटका दाबला. आत काल संध्याकाळची कॅसेट तशीच होती, हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

चंदर अंगणात आला. पुंजाच्या आणि स्वतःच्या गोण्या त्यानं आधीच भरल्या होत्या. आबा कुठंत, त्यानं विचारलं. सखुबाई उंबऱ्यातच बसून सुईत दोरा ओवत होती. अंग कसकसतंय त्यांचं, दोन दिस लय खुडलं, पडलेत जरा, असं तिनं सांगितलं. चंदर म्हणाला, बघून तर येतो, आणि त्यानं चपला काढल्या.

तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला.

"वी हायसन झी?" आवाज चढवून, भांडल्यासारखा. आणि मागोमाग खोकला.

प्रतिभा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ज्ञानेश गोणी खांद्यावर घेत होता, ती त्याच्या हातून खाली पडली. चंदर मात्र हसला. त्यानं चपला पुन्हा पायात घातल्या.

"पडल्या पडल्या शिकवणी चालू हाय," तो म्हणाला. "वहिनी, द्या की उत्तर. आबा वाट बघून राह्यलेत."

आत टेप फिरत होता. प्रश्नानंतरची मोकळी जागा लांबत चालली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. प्रतिभानं तोंड उघडलं आणि मोठ्यानं आपलं नाव सांगितलं, जर्मनमध्ये, पूर्ण वाक्यात. चंदरनं मान हलवून दाद दिली आणि गोण्या उचलायला गेला.

आबांच्या जागेवर प्रतिभाला बसवण्यात आलं. ज्ञानेश मागं गोण्यांवर बसला. टेम्पोत झेंडूचा उग्र वास कोंडला होता. चंदर सारा रस्ता बोलत होता. यंदा पावसानं मारलं म्हणून माल कमी आहे, भाव चढा राहील, आबांना संध्याकाळी पेढे नेऊ. प्रतिभा हूं हूं करत होती. मागून एकदा ठोकल्यासारखा आवाज आला. ज्ञानेश पत्र्यावर डोकं आपटत होता की खड्ड्यानं गोणी आपटली, ते तिला कळलं नाही. चंदरनंही मागं पाहिलं नाही.

फुलबाजाराच्या तोंडाशी तिला उतरवलं. ज्ञानेश खाली आला. त्याचे डोळे सुजले होते, पण दसऱ्याच्या गर्दीत कोण कुणाचे डोळे बघतं. लोक गोण्यांवर तुटून पडत होते, मुठी मुठी फुलं उचलून वास घेत होते, देवीला पायजे ताजं द्या म्हणत होते. नीट दे, असं तो तिला पुटपुटला. मग एका गिऱ्हाइकानं त्याला हाक मारली आणि तो तिकडं वळून भाव सांगायला लागला. त्याच हातांनी त्याला संध्याकाळी बापाला अग्नी द्यायचा होता.

कॉलेजच्या नळावर प्रतिभानं तोंड धुतलं. बाकावर पोरं-पोरी कागद घेऊन घोकत बसली होती. एकीनं तिला विचारलं की तुझं 'माझं कुटुंब' तयार आहे ना, तेच विचारतायत सगळ्यांना. प्रतिभानं मान हलवली. तयार होतं. आबांनीच शंभर वेळा म्हणून घेतलं होतं. माझे सासरे फुलं पिकवतात. ते पहाटे उठतात. त्यांना वीसपर्यंत मोजता येतं.

परीक्षा घेणारी बाई पिकल्या केसांची, सुती साडीतली, मायाळू दिसणारी होती. तिनं बसायला सांगितलं, पंखा लावू का विचारलं. मग तिनं जर्मनमध्ये नाव विचारलं, गाव विचारलं. प्रतिभानं उत्तरं दिली. आपला आवाज आपल्याला दुरून ऐकू येतोय असं तिला वाटत होतं.

"वेर वोन्ट बाय ईनन?" बाईंनी विचारलं.

तोच प्रश्न. फक्त आवाज मऊ होता. बाई वाट बघत राहिल्या. कॅसेटमधल्याइतकीच मोकळी जागा गेली असेल. मग प्रतिभा बोलायला लागली.

तिनं सांगितलं की आमच्या घरी चौघं असतात. माझे सासरे आज सकाळी वारले. ते मागच्या खोलीत झोपवलेले आहेत. त्यांच्या हनुवटीखाली टॉवेल आहे. माझी सासू दारात बसून हार करते आहे. माझा नवरा बाजारात फुलं विकतो आहे. कुणाला माहीत नाही. ते मला रोज हा प्रश्न विचारत होते. त्यांनी मला शिकवलं. मी रडायचं नाही, असं ठरलं आहे.

सकाळपासून कोंडलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर येत होतं आणि ती ते येऊ देत होती, कारण या भाषेत मखमलाबादचं कुणी नव्हतं. शब्द शोधावे लागले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा ती मराठीत न शिरता बोलत होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या पुढं वाकल्या आणि मराठीत हळूच म्हणाल्या, "अगं, हे खरं आहे का?"

मराठी कानावर पडली आणि प्रतिभा दचकली. दाराबाहेर बाकावर पोरं होती. शिपाई चहा घेऊन आत येत होता, तो म्हसरूळचा, आणि म्हसरूळला त्यांची सोयरीक होती. बाजारात गोण्या अजून खपायच्या होत्या.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "पाठ केलेलं हे. सासरे घरी आहेत. बरे आहेत."

बाईंनी मोठा श्वास सोडला, हसल्या, आणि म्हणाल्या की घाबरवलंस मला. असलं अशुभ कशाला निवडलंस, पण बोललीस फार मनापासून, इतकं सहज बोलणारं आज कुणी आलं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. प्रतिभा उठली. एकदा खरं सांगून आणि एकदा ते नाकारून आपण आबांना दोनदा मारलं, असं तिला जिन्यावर वाटलं. कठड्याला धरून ती खाली उतरली आणि तिनं बस धरली.

ती घरी आली तेव्हा सखुबाई सकाळी होती तिथंच उंबऱ्यात बसलेली होती. भोवती हारांचा ढीग. मांडीवर सुईनं टोचून टोचून रक्त आलेली बोटं. आत टेप आता गप होता, सेल उतरले असावेत. खोलीत झेंडूचा वास होता आणि त्याखाली दुसराही एक वास यायला लागला होता. सखुबाईनं उगीच नाही एवढी फुलं आत नेऊन ठेवली होती.

झाली का, तिनं विचारलं. झाली. फुलं? सगळी गेली, हे मागून येतायत, चंदरभाऊजींबरोबर.

मग सखुबाईनं सुई जागच्या जागी खोचून ठेवली. पदर नीट घेतला. उठायला लागली तर गुडघे धरले होते, म्हणून सुनेचा हात मागितला. दारात जाऊन तिनं आधी पाटाच्या रस्त्याकडे बघून घेतलं. टेम्पो वळणावर दिसला. तेव्हा तिनं आरोळी ठोकली. ती खोटी होती असं म्हणता यायचं नाही. सकाळपासून तिनं ती कुठं ठेवली होती देव जाणे, पण ती सुटल्यावर पाटापलीकडचीही माणसं धावली.

वाडी गोळा झाली. प्रेताला अंघोळ घालायचा मान पुंजाचा. भाऊबंदांत कुणीही गेलं की तोच पुढं व्हायचा, आयुष्यभरात त्यानं कैक माणसं धुतली होती. त्यानं आबांचा हात उचलायला घेतला. हात उचलेना. त्यानं कोपराशी दाबून पाहिलं, मग मान पाहिली, मग हनुवटीखालचा टॉवेल. दुपारी गेलेल्या माणसाचं अंग कसं लागतं आणि पहाटे गेलेल्याचं कसं, ते पुंजाला कुणी सांगायला नको होतं. त्यानं मान वर करून सखुबाईकडे पाहिलं. सखुबाईनं नजर काढली नाही.

पुंजाच्याही गोण्या त्याच टेम्पोत गेल्या होत्या आणि ज्ञानेशनं त्या सकाळीच खपवल्या होत्या.

"पानी आजून गरम करा," पुंजा म्हणाला. "लय गार पडलंय अंग." आणि तो आबांचे हात चोळायला लागला, हळूहळू, लहान पोराला मालिश करावी तसे.

चंदर अंगणात बसून सगळ्यांना सांगत होता. सकाळीच माझ्याशी बोलले. पडल्या पडल्या सुनेची शिकवणी घेत होते. वहिनीनं उत्तर दिलं ते ऐकूनच झोपले असतील. ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. काय भाग्याचं मरण, सून परीक्षेला धाडली आणि निवांत गेला, असं यशोदाबाई म्हणाली. यशोदाबाई म्हणजे चंदरची आई. ती प्रतिभाला कवटाळून रडली. प्रतिभाला आता रडायची मोकळीक होती, पण तिला रडू येईना. बाया म्हणाल्या की धक्का बसलाय पोरीला.

दसऱ्याच्या दिवशी साऱ्या शहराच्या दारांना तोरणं लागली. या घराला लागलं नाही. घट आधीच हलवून पाटात सोडला होता. सखुबाईनं त्यानंतर कधी घट बसवला नाही. कारण विचारलं तर आता होत नाही, एवढंच सांगायची.

दहावं झालं, तेरावं झालं. ज्ञानेशच्या डोक्यावर केसांची खुंटं आली. दिवाळीच्या आधी पोस्टमन आला. प्रतिभा पास झाली होती, तोंडीत केंद्रातले सगळ्यात जास्त गुण तिला होते. ज्ञानेशनं जुन्या सुपरवायझरला निरोप धाडला आणि त्यानं तिला पाडव्यानंतर कामावर यायला सांगितलं. या घरात पुन्हा भाकरीची काळजी करायची पाळी नव्हती. ज्ञानेश ते सांगायला पुंजाकडे गेला.

घरात दोघीच होत्या. सखुबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तिथं काय इचारलं तुला?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच विचारलं.

"घरी कोण कोण असतं."

"मंग?"

"खरं सांगितलं, आई. आबा गेले म्हणून. मग त्या बाईनं मराठीत विचारलं, खरं का. तर खोटं म्हणाले मी. म्हणाले, बरे आहेत. त्याचेच मार्क दिले तिनं."

सखुबाईनं सुपातल्या ज्वारीतून एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मीबी तेच केलं," ती म्हणाली. "दिसभर यील त्याला सांगितलं, बरा हाय."

मग तिनं टेपकडे बोट केलं. त्यात नवे सेल कुणीच घातले नव्हते. प्रतिभानं फडताळातून काढून घातले, खटका दाबला. आधी नुसती खरखर आली. मग खोकला आला आणि मग आबा आले, भांडल्यासारखा आवाज चढवून.

"वेर वोन्ट बाय ईनन?"

सखुबाईनं विचारलं, हेच का ते. प्रतिभानं मान हलवली. आबांनी सोडलेली मोकळी जागा चालू झाली होती, टेप फिरत होता. सखुबाईनं सुनेकडे पाहिलं.

"सांग की," ती म्हणाली. "वाट बघून राह्यला तो."

प्रतिभानं तोंड उघडलं. तिला सगळे शब्द येत होते. ती एवढंच म्हणाली, "तिघं." ते मराठीत आलं, आणि त्यावर तिला पहिल्यांदा रडू फुटलं. टेपमध्ये आबा पुढचा प्रश्न विचारत होते.